नोंद माणसांची, नोंद नात्यांची

लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात एखादी जाणती बाई बसलेली असते. समोरून एखादे पोर गेले की ती हाक मारून विचारते, "काय रे, तू कुणाचा?" पोराने बापाचे नाव सांगितले की पुढचे तिला सांगावे लागत नाही. "म्हणजे तुझी आजी आमच्या थोरल्या जावेची मावसबहीण. अन् तुझ्या आत्याची नणंद इथेच दिलीय, मागच्या गल्लीत." चार-पाच नाती ती एका दमात ओलांडते. तिच्यापुढे कुठलीही यादी नसते. एका माणसावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी ती मनातल्या मनात चालत जाते.

आता हाच प्रश्न एखाद्या कचेरीला विचारून पाहा. जन्माची नोंदवही वेगळी, विवाहाची वेगळी, शिधापत्रिकांची वेगळी. प्रत्येक वही चोख असेल. पण आजी, जाऊ, मावसबहीण ही वाट शोधायची म्हटली तर कारकुनाला दर पावलाला नवी वही काढावी लागेल. माहिती बाईकडेही आहे आणि कचेरीकडेही आहे. ती ठेवण्याची तऱ्हा निराळी आहे. संगणकातही माहिती ठेवण्याच्या अशाच दोन तऱ्हा आहेत. कचेरीसारखी जी चालते तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात आणि त्या बाईसारखी जी चालते तिला ग्राफ डेटाबेस. कुठली तऱ्हा वापरली यावर पुढे कोणते प्रश्न विचारता येतील हे ठरते, आणि कधी कधी त्यातून एखाद्या देशाच्या पंतप्रधानाला खुर्ची सोडावी लागते. ते कसे, ते पाहू.

आधी कचेरी. सात-बारा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, पीक असे त्यात रकाने असतात. त्यावर फेरफाराचा क्रमांकही लिहिलेला असतो. ही जमीन या माणसाच्या नावावर कशी आली हे जाणून घ्यायचे असेल, तर तो क्रमांक घेऊन तलाठ्याच्या दफ्तरातली फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, पाहावी लागते. वारसाने आली की खरेदीने, ते तिथे कळते. सात-बाऱ्यावर हकीकत नसते, हकीकतीचा क्रमांक असतो.

रिलेशनल डेटाबेस नेमका असाच चालतो. माणसांचा एक तक्ता, पत्त्यांचा दुसरा, व्यवहारांचा तिसरा. एका तक्त्यात दुसऱ्यातल्या ओळीचा क्रमांक लिहून ठेवायचा आणि प्रश्न आला की दोन तक्ते त्या क्रमांकावरून जुळवायचे. या जुळवणीला 'जॉइन' म्हणतात. कल्पना एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाची. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० साली त्याने ती मांडली. पुढे १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या चेंबरलिन आणि बॉईस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. आपले बँकेतले खाते, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, पगारपत्रक, यांच्यामागे बहुतेक वेळा ही तक्त्यांची व्यवस्थाच उभी असते.

कवितेच्या माणसाला इथे एक गंमत दिसते. 'रिलेशनल' शब्द ऐकून आपल्याला वाटते की हा नात्यांचा डेटाबेस असणार. पण कॉडच्या गणिती भाषेत 'रिलेशन' म्हणजे जवळपास तक्ताच. दोन माणसांच्या मैत्रीची नोंद करायची असेल तर या व्यवस्थेत मैत्रीचाही एक तक्ता करावा लागतो: डाव्या रकान्यात एकाचा क्रमांक, उजव्या रकान्यात दुसऱ्याचा. नाते तिथे आहे, पण ते दर वेळी जुळवून काढावे लागते.

एका पायरीच्या प्रश्नाला याचा काहीच त्रास होत नाही. 'अमुकचे मित्र कोण?' हे तक्ता चटकन सांगतो. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची तक्त्यालाही जोडलेली असते, तीत पाहिले की ओळ सापडते. 'मित्रांचे मित्र कोण?' इथे मैत्रीचा तक्ता स्वतःशीच एकदा जुळवावा लागतो. 'त्यांचे मित्र कोण?' पुन्हा एकदा. दर पायरीला, दर माणसासाठी सूची नव्याने पाहायची. आणि तक्ता जितका मोठा तितकी सूचीही मोठी. माणसेही साधी वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात.

या वाढीचे आकडे 'निओफोरजे इन ॲक्शन' या पुस्तकात दिले आहेत. दहा लाख माणसे, प्रत्येकाचे साधारण पन्नास मित्र, अशी माहिती दोन्ही प्रकारच्या डेटाबेसमध्ये भरली. दोन पायऱ्यांच्या प्रश्नाला दोघांनाही सेकंदाचा शंभरावा-साठावा भाग लागला. तिसऱ्या पायरीला तक्त्यांना ३० सेकंद लागले, ग्राफला सेकंदाचा सहावा भाग. चौथ्या पायरीला तक्त्यांना १,५४३ सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटांहून जास्त. ग्राफला दीड सेकंदही नाही. पाचव्या पायरीला तक्त्यांचे काम संपलेच नाही आणि ग्राफने दोन सेकंदांत उत्तर दिले. हे पुस्तक ग्राफच्या बाजूच्या माणसांनी लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या दुकानातल्या तराजूवर आपला माल जरा जास्तच भरतो. तक्त्यांचा मुरलेला जाणकार त्यातले बरेच सेकंद वाचवील. पण प्रत्येक पायरीला काळ कसा वाढत जातो, तो चढ पाहण्यासारखा आहे. तो चढ मात्र खोटा नाही.

आता ती मांडवातली बाई. इथे ग्राफ म्हणजे ताप चढल्या-उतरल्याचा आलेख नव्हे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, एवढाच अर्थ. या गणिताची सुरुवात १७३६ सालची मानतात. त्या वर्षी ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचे कोडे सोडवले: एकही पूल दोनदा न ओलांडता सगळे पूल फिरून येता येईल का? त्याने जमिनीच्या भागांना ठिपके मानले, पुलांना रेषा मानल्या आणि अशी फेरी शक्य नाही हे सिद्ध केले. शहराचा आकार, रस्त्यांची लांबी, सगळे त्याने बाजूला ठेवले. कोण कशाला जोडलेले आहे एवढेच घेतले.

ग्राफ डेटाबेसात माणूस हा ठिपका आणि नाते ही रेषा. ती रेषा स्वतःच एक नोंद असते. तिला नाव असते, जसे 'मुलगा', 'भागीदार', 'संचालक'. तिला दिशा असते. आणि तिच्या अंगावर तारीख, रक्कम असा तपशीलही लिहिता येतो. 'नेटिव्ह' ग्राफ डेटाबेस म्हणजे ज्याने ही रचना आपल्या साठवणुकीच्या तळापर्यंत नेली आहे असा. तक्त्यांच्या घराला बाहेरून ग्राफचा रंग दिलेला नव्हे. त्यात प्रत्येक ठिपक्याच्या नोंदीतच त्याच्या नात्यांच्या जागा लिहिलेल्या असतात. पुढच्या माणसाकडे जाण्यासाठी मोठी सूची पाहायची गरज नाही. या घराच्या मागच्या दारातून त्या घराच्या पुढच्या दारात. म्हणून गावात हजार घरे असोत की कोटी, एका घरातून शेजारी जायला तेवढाच वेळ लागतो. या घराला दारे किती, एवढेच महत्त्वाचे.

स्वीडनमध्ये घडवलेला निओफोरजे हा या जातीचा सर्वांत नावाजलेला डेटाबेस. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१० साली आली. त्याची 'सायफर' नावाची भाषा मला फार आवडली. तीत प्रश्न अक्षरशः चित्रासारखा काढतात: ठिपक्यासाठी गोल कंस, नात्यासाठी बाण. 'या कंसातून असा बाण त्या कंसात गेलेला जिथे जिथे असेल ते दाखव,' असा तो प्रश्न वाचता येतो.

जुन्या जाणकारांना मात्र हे सगळे ओळखीचे वाटते. कॉडच्या आधीचे डेटाबेसही एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या खुणांवरच चालत. त्यांचे एक जनक चार्ल्स बाकमन यांनी १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली होती. माहितीच्या समुद्रात वाट त्याने काढायची. कॉडची तक्रार नेमकी तीच होती: वाट ठाऊक असल्याशिवाय प्रश्न विचारता येत नसेल, तर सामान्य माणसाने विचारायचे कसे? त्याने वाटा पुसून तक्ते मांडले. आता वाटा परत आल्या आहेत, पण नाविकाची सक्ती गेली आहे. चित्र काढून दिले की वाट यंत्र शोधते.

म्हणून तक्ते मोडीत काढायचे का? मुळीच नाही. 'या महिन्यात जिल्ह्यात एकूण किती बिले भरली गेली?' या प्रश्नात साखळी नाही, बेरीज आहे. आणि बेरजेला तक्त्यासारखा दुसरा सोबती नाही. एवढेच काय, फेसबुकसारख्या कंपनीने, जिचा सगळा पसाराच मैत्रीचा, २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितले की तिचे मैत्रीचे जाळे मायएसक्यूएल या तक्त्यांच्या डेटाबेसात ठेवलेले आहे आणि वर वेगासाठी स्वतंत्र थर आहे. तिथले बहुतेक प्रश्न एका-दोन पायऱ्यांचे, पण अफाट संख्येने येणारे. तक्त्यांनीही नव्या विद्या शिकून घेतल्या: साखळीने पुढे जाण्याची सोय एसक्यूएलच्या १९९९च्या मानकात आली, २०२३च्या मानकात तर ग्राफचे प्रश्न विचारण्याची पद्धतच आली. ग्राफच्या भाषेलाही २०२४ साली आंतरराष्ट्रीय मानक मिळाले. भिंत हळूहळू खाली येते आहे. तरी आपला प्रश्न बेरजेचा आहे की वाटेचा, हे आधी ठरवल्याशिवाय ही निवड करू नये असे मला वाटते.

वाटेच्या प्रश्नाचे मोठे उदाहरण म्हणजे पनामा पेपर्स. मोसाक फोन्सेका ही पनामातली वकिलांची पेढी. तिच्या दफ्तरातली सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे 'स्युडडॉइच त्सायटुंग' या जर्मन वृत्तपत्राच्या हाती आली. ती त्याने शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला दिली आणि ३ एप्रिल २०१६ रोजी जगभर एकाच वेळी बातम्या फुटल्या. ३७० हून अधिक पत्रकार त्यावर काम करीत होते. आपल्याकडून 'इंडियन एक्सप्रेस' होता.

कागदांचा मजकूर शोधण्यासाठी त्यांनी वेगळे साधन वापरले. पण पेढीच्या नोंदींतून निघालेल्या २ लाख १४ हजारांहून अधिक कंपन्या, त्यांचे मालक, संचालक, मध्यस्थ आणि पत्ते हे सगळे निओफोरजेमध्ये भरले आणि लिंक्युरियस नावाच्या साधनाने पडद्यावर ठिपके व रेषा म्हणून दाखवले. ज्या पत्रकाराने आयुष्यात एसक्यूएलची एक ओळ लिहिली नव्हती, तो एखाद्या नावावर टिचकी मारी आणि त्याभोवतीचे जाळे उलगडत जाई. अशा व्यवहारांत मालक कधीच कंपनीच्या शेजारी उभा नसतो. मध्ये एक कंपनी, तिच्यामागे दुसरी, तिचा नाममात्र संचालक, त्याच्यामागे एखादी बँक. लपण्याची सगळी कला पायऱ्या वाढवण्यात आहे. तक्त्यांतही ही माहिती राहिली असती, पण चौथ्या-पाचव्या पायरीवर काय दडले आहे ते विचारायला बसलेला माणूस थकून गेला असता.

आइसलंडचे उदाहरण घेऊ. विंट्रिस नावाची कंपनी ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेली. ती उभी करून देणारी पेढी मोसाक फोन्सेका. मध्यस्थ आइसलंडच्याच एका बँकेची लक्झेंबर्गमधली शाखा. आणि मालक सिगमुंडुर गुनलाउगसन व त्यांची पत्नी. ३१ डिसेंबर २००९ रोजी त्यांनी आपला अर्धा हिस्सा पत्नीला एका डॉलरला विकला. खासदारांनी असे हितसंबंध जाहीर करण्याचा नवा नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होता. पुढे ते पंतप्रधान झाले, तेव्हा ही कंपनी बुडालेल्या आइसलंडी बँकांची धनको होती आणि त्या बँकांच्या धनकोंशी वाटाघाटी त्यांचे सरकार करीत होते. आपण सारा कर भरला आहे, असे त्या दोघांनी सांगितले. तरी लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २०१६ मध्येच पंतप्रधानांना पद सोडावे लागले. इथे रेषेवरच्या तारखेचे मोल कळते. 'हा या कंपनीचा मालक होता' एवढ्याने काहीच ठरत नाही. 'कधीपर्यंत होता' यात सगळे आहे.

याच कारणाने मला या जाळ्यांची थोडी भीतीही वाटते. पडद्यावर दोन ठिपक्यांमध्ये रेष दिसली की डोळा लगेच गोष्ट रचतो. केमन बेटांवर अग्लंड हाउस नावाची एक इमारत आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००८ साली मोजले तेव्हा त्या एका पत्त्यावर १८,८५७ कंपन्या नोंदलेल्या होत्या. जाळ्यात तो एकच ठिपका आणि त्यातून निघालेल्या अठरा हजार रेषा. त्या रेषांवरून चालत गेले तर कुणीही कुणाचाही शेजारी ठरतो. नावांचेही तेच. एकाच नावाची दोन माणसे यंत्राने एक ठिपका मानली, की एकाची सगळी नाती दुसऱ्याच्या गळ्यात. पत्रकारांच्या त्या संघटनेनेही आपला साठा लोकांसाठी खुला करताना सूचना लिहून ठेवली आहे: परदेशी कंपन्यांचा कायदेशीर उपयोगही असतो, आणि इथे नाव आहे म्हणजे त्या माणसाने गैर केले असा अर्थ नाही.

हा पेच संगणकाने आणलेला नाही. हदीसच्या अभ्यासात प्रत्येक वचनाआधी सांगणाऱ्यांची साखळी दिलेली असते: अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने त्याच्याकडून. तिला इस्नाद म्हणतात. एक कडी कच्ची तर साखळी कच्ची. म्हणून सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले: कोण कुठे राहिला, कधी वारला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, त्याच नावाचा दुसरा कुणी होता का. नवव्या शतकात इमाम बुखारींचा आग्रह असा की दोघांची भेट झाल्याचा पुरावा हवा. इमाम मुस्लिम यांच्या मते दोघे एका काळातले असून भेट शक्य असेल तर पुरे. दोन ठिपक्यांमध्ये रेष कधी ओढावी, यावरचा हा वाद अकराशे वर्षांहून जुना आहे, आणि आज कुठलाही ग्राफ डेटाबेस भरायला बसलेल्या माणसापुढे तोच येतो. यंत्र त्याला उत्तर देत नाही. रेष ओढा म्हटले की ते ओढते.

आणि रेष चुकीची ओढली गेली, किंवा खरी असूनही पोकळ असली, तर किंमत कोण मोजतो? २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदांतून कळले की अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था देशातल्या दूरध्वनींच्या नोंदी घाऊक गोळा करीत होती. बोलणे नाही, कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला एवढेच. संशयित क्रमांकापासून तीन पायऱ्यांपर्यंत जाण्याची तिला मुभा होती. त्यांच्या भाषेत तीन 'हॉप', आपल्या भाषेत मित्राच्या मित्राचा मित्र. त्यात तो पिझ्झाचे दुकानही आले, दवाखानाही आला. जानेवारी २०१४ मध्ये नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्याच सरकारी मंडळाने याचा हिशेब करून दाखवला. प्रत्येक क्रमांकाचे ७५ नवे संपर्क धरले तर दुसऱ्या पायरीला ५,६२५ क्रमांक होतात आणि तिसऱ्या पायरीला ४ लाख २० हजारांहून अधिक. एका संशयितापासून निघालेला एकच प्रश्न, आणि एका मध्यम शहराएवढी माणसे जाळ्यात. तक्त्यांना तिसऱ्या-चौथ्या पायरीला दमवणारा गुणाकार तो हाच.

त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तीनाच्या दोन पायऱ्या केल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये नोंदी घाऊक जमवणेच कायद्याने थांबले. त्यानंतर त्या दूरध्वनी कंपन्यांकडे राहिल्या आणि सरकारला न्यायालयाचा आदेश घेऊन, ठरावीक क्रमांकापासून दोनच पायऱ्या मागाव्या लागू लागल्या.